पायथ्याशी राहतो, वर गेलोच नाही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. वक्त्या महाड–पोलादपूर भागातील बचत गटांच्या समन्वयक आहेत.)

भाताची झोडणी उरकली, नाचणी-वरी घरात आली, शेतात वाल उभा आहे. म्हणजे बाईमाणसाला जरा टेकायला सवड मिळायचे हे दिवस. म्हणून आज कर्जाच्या हप्त्याचं बोलायचं नाही असं आम्ही ठरवून आलोय. आज फिरण्याचं बोलू.

सुरुवात झाली ती एका मोबाइलमुळे. आमच्या मासिक बैठकीत एका काकींची नात बसली होती, कॉलेजला जाणारी. वही लिहून होईपर्यंत तिनं आम्हाला युरोपातल्या एका छोट्या देशाचा व्हिडिओ दाखवला. स्लोव्हेनिया त्याचं नाव. देश केवढा? आपल्या रायगड जिल्ह्याच्या तिप्पटही भरत नाही. माणसं तर जिल्ह्यापेक्षाही कमी, साधारण २१ लाख. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेलाच २६ लाखांच्या वर होती. तिथं ब्लेड नावाचं एक तळं आहे, तळ्यात बेट, बेटावर देऊळ म्हणजे चर्च, आणि चढायला ९९ दगडी पायऱ्या. तिथली रीत अशी की लग्नाच्या दिवशी नवऱ्यानं नवरीला उचलून त्या ९९ पायऱ्या चढायच्या, आणि वर पोचेपर्यंत नवरीनं तोंड उघडायचं नाही. यावर आमच्या बैठकीत जे हसं झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. एक वहिनी म्हणाल्या, "उचलून नेत असेल तर आम्ही वर्षभर गप्प बसू."

बेटावर न्यायला लाकडी नावा आहेत, आणि त्या वल्हवण्याचं काम तिथल्या काठावरच्या घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तळ्याकाठी साईचा एक केक मिळतो, तो खाल्ल्याशिवाय पाहुणा जात नाही. दुसऱ्या गावाला डोंगराच्या पोटात मोठी गुहा आहे, ती बघायला आत चक्क छोटी रेल्वे. आणि जगभरची माणसं तिथं जातात.

तेव्हा एक मावशी सहज बोलून गेल्या, "त्यांच्या नव्व्याण्णव पायऱ्या, आणि आपल्या रायगडाला चौदाशेच्या वर. मग आपल्याकडं काय कमी आहे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्या मुलीनं विचारलं, "आजी, तू चढलीस का गं रायगड?"

बैठक गप्प झाली. आमच्या तीन वाड्यांच्या तीन गटांत मिळून ३४ बायका. रायगड चढलेल्या पाच. त्यातल्या तिघी शाळेच्या सहलीत, म्हणजे लग्नाआधी. आमच्यातली एक ताई बारा वर्षं गडाच्या वाटेवर ताक आणि लिंबू सरबत विकते. ती म्हणाली, "लोक मला विचारतात, वर काय काय आहे, किती वेळ लागेल. मी सांगते, पोराला विचारा. मी कधी गेलेच नाही." असं म्हणताना ती हसली, पण आम्हाला कोणाला हसू आलं नाही.

तर मैत्रिणींनो, आम्ही ठरवलं की आपले दोन तालुके आपण बघायचे. गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, तो कर्जासाठी आहे. वेगळा डबा केला, दर बैठकीला २० रुपये. घरच्यांचं म्हणाल तर "तिथं काय बघायचंय, दगड?" हे बहुतेक घरी ऐकून घ्यावं लागलं. एका घरी सासूबाईच म्हणाल्या, "मीपण येते." मग त्या घरात कोणी बोललं नाही.

पहिला मान रायगडाचा. तो वर चढायच्या आधी पाचाडला सुरू होतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. राजमाता जिजाऊंना गडावरचा वारा आणि गारठा सोसेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला पाचाडला वाडा बांधला. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला त्या गेल्या. मुलाला सिंहासनावर बसलेला बघितला, आणि अकराव्या दिवशी डोळे मिटले. त्यांची समाधी पाचाडलाच आहे. आम्ही त्या रस्त्यानं एसटीनं, जीपनं शेकडो वेळा गेलो असू. उतरलो नव्हतो.

वाड्यातली एक विहीर बघाच. तक्क्याची विहीर म्हणतात तिला. विहिरीच्या काठाशी टेकून बसायला दगडाचाच तक्क्या केलेला आहे. महाराज तिथं बसायचे आणि पाण्याला आलेल्या बायकांशी बोलायचे, असं सांगतात. आम्ही त्या दगडाशी बराच वेळ बसलो. पाण्यावर बायका काय बोलतात हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. कोणाच्या घरात काय शिजतं, कोणाचा नवरा कसा, कोणाला सरकारी माणसानं त्रास दिला, सगळं पाण्यावर कळतं. राज्य चालवणाऱ्या माणसानं ऐकायला बसायची जागा बरोबर निवडली, असं आमचं मत झालं.

मग चढण. चित् दरवाजापासून पायऱ्या लागतात. पहिल्या शंभरात सगळ्या बोलत होत्या, तीनशेनंतर फक्त श्वास ऐकू येत होता. गडाची उंची समुद्रापासून सुमारे २७०० फूट. गुडघे दुखणाऱ्या तिघींना हिरकणीवाडीवरून रोपवेनं पाठवलं. तो रोपवे १९९६ पासून आहे. त्या वर जाऊन आमची वाट बघत शेंगदाणे खात बसल्या होत्या, याचा राग अजून काहींच्या मनात आहे. पण मैत्रिणींनो, पायानं चढल्याशिवाय महादरवाजा कळत नाही. दोन दांडग्या बुरुजांच्या मध्ये वळून तो अचानक समोर येतो. शत्रूला शेवटपर्यंत दिसूच नये अशी त्याची रचना. वर दोन्ही बाजूंना दगडात कमळं कोरलीत. तिथल्या सावलीत आम्ही भाकऱ्या सोडल्या.

वर काय बघितलं ते सगळं सांगत बसलो तर कार्यक्रम संपेल. बाजारपेठेचे दोन्ही बाजूंचे उंच जोते, होळीचा माळ, नगारखाना, मेघडंबरी, जगदीश्वराचं देऊळ आणि त्याच्यापुढं महाराजांची समाधी. ३ एप्रिल १६८० ला महाराज याच गडावर गेले. गड बांधणारे हिरोजी इंदुलकर, त्यांनी आपलं नाव कुठं कोरून घेतलंय? जगदीश्वराच्या पायरीवर. म्हणजे देवाला जाणाऱ्याचा पाय लागेल अशा जागी. आपल्याकडं साध्या बसथांब्यावर केवढाली नावं रंगवतात, ते आठवून आम्ही एकमेकींकडं बघितलं.

दोन गोष्टी मात्र सांगायच्याच. एक म्हणजे पाणी. एवढ्या उंचावर एवढी माणसं राहायची, प्यायला पाणी कुठलं? तर गड बांधायला दगड काढला, तिथंच तलाव झाले. गंगासागर त्यातलाच. खड्डा वाया गेला नाही, पावसाचं पाणी त्यात साठलं. आमच्याकडं इतका धो-धो पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यात हंडा घेऊन कुठं कुठं जावं लागतं, ते तुम्हालाही माहीत आहे. आमच्या एका ग्रामसंघानं गडावरून आल्यावर ग्रामसभेत पहिला विषय साठवण टाकीचा मांडला. अजून मंजूर नाही, पण मागे लागलोय.

दुसरी गोष्ट राणीवशाची. राण्यांच्या महालांचे जोते ओळीनं आहेत, आणि प्रत्येकाला शौचकूप आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी. बाईला अंधार पडायची वाट बघावी लागू नये, एवढा विचार तेव्हा कोणीतरी केला होता. आमच्यातल्या निम्म्या घरांत संडास आले ते गेल्या दहा-बारा वर्षांत. एक आजी त्या दगडाकडं बघत म्हणाल्या, "माझं अख्खं आयुष्य झाडीत गेलं."

नगारखान्यापासून सिंहासनाच्या जागेपर्यंत हळू बोललेलंही ऐकू येतं म्हणतात. ते आम्ही करून बघितलं. एकीनं तिकडून हळूच विचारलं, "हप्ता भरलास का गं?" आणि इकडं स्पष्ट ऐकू आलं. हप्त्याचं बोलायचं नाही म्हणालो होतो, तरी आलंच.

आता हिरकणी. तिची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. कोजागिरीला गडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. लोककथा आहे. एसटीच्या गाडीला तिचं नाव, बाळाला पाजायच्या खोलीला हिरकणी कक्ष, सिनेमासुद्धा निघाला. त्या बुरुजावर उभं राहून आम्ही खाली वाकून बघितलं आणि पोटात गोळा आला. पण तिथं आमच्यात वादही झाला, तो सांगतो. एकीचं म्हणणं, आईची माया असली की कडाही उतरता येतो. दुसरी म्हणाली, "माया आहेच. पण ती वर कशाला गेली होती? धंद्याला. दूध विकून घर चालवणारी बाई होती ती. बाळ घरी ठेवून कामाला जावं लागलं, हे कोणी सांगत नाही. सगळे कडाच सांगतात." ही दुसरी म्हणजे तीच, ताक विकणारी ताई. तिची मुलगी लहान असताना ती तिला शेजारी ठेवून वाटेवर बसायची. वाद मिटला नाही, मिटायची गरजही नव्हती. पण काही बसस्थानकांवर हिरकणी कक्षाला कुलूप असतं, त्याची किल्ली कोणाकडं असते ते मात्र आपण सगळ्यांनी विचारत राहायला हवं.

गेल्या वर्षी, ११ जुलै २०२५ ला, युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात रायगड आहे आणि पोलादपूरवरून घाट चढून गेलं की लागणारा प्रतापगडही आहे. म्हणजे आमच्या दोन्ही बाजूंना जगाचा वारसा, आणि मध्ये आम्ही. गर्दी वाढणार. त्याचं पुढं बोलू.

दुसरी सहल महाड शहराची. "महाडला काय बघायचं, बाजाराला तर दर आठवड्याला जातो," असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. मुंबई–गोवा रस्त्यानं महाडला शिरताना डोंगराच्या अंगाला जी भोकं दिसतात, ती गांधारपाल्याची लेणी. बौद्ध भिक्खूंसाठी दोन हजार वर्षांच्या सुमारास कोरायला सुरुवात झालेली, तीसेक लेणी आहेत. विष्णुपालित नावाच्या एका राजकुमाराच्या दानाचा लेख तिथं आहे. त्यानं लेणं दिलं, चैत्य दिला, राहायच्या खोल्या दिल्या, पाण्याची टाकी दिली, आणि वर यायची वाटही दिली. खोली, पाणी, रस्ता. आजही ग्रामपंचायतीकडं आपण हेच तर मागतो. लेण्यांच्या ओसरीतून सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या दिसतात. एकेकाळी खाडीतून मालाच्या होड्या महाडपर्यंत यायच्या. या वाटेवर व्यापार होता, म्हणूनच इथं लेणी झाली.

तिथून चवदार तळ्यावर गेलो. इथं जरा थांबून बोलायचंय.

आमचे गट वाडीवार आहेत. तुमचेही असतील. मराठवाडीचा वेगळा, धनगरवाडीचा वेगळा, बौद्धवाडीचा वेगळा. ग्रामसंघात सगळ्या एकत्र बसतात, पण सुरुवातीच्या वर्षांत चहाच्या वेळी कोण कोणाच्या घरी चहा घेतं, यावर आमच्यात न बोलता बरंच काही चालायचं. चवदार तळ्यावर पोचल्यावर बौद्धवाडीच्या बायका चपला काढून पायऱ्या उतरल्या. बाकीच्या वरच थांबल्या. एकीला विचारलं, का गं? ती म्हणाली, "त्यांचं आहे ना ते." त्या रस्त्यानं ती वीस वर्षं बाजाराला जातेय.

मग बौद्धवाडीच्या एका आजींनी आम्हाला बसवून सांगितलं. महाड नगरपालिकेनं १९२४ सालीच ठराव केला होता की तळं सगळ्यांना खुलं. ठराव कागदावर राहिला. गुरंढोरं पाणी पीत होती, माणसांना बंदी होती. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी पुढाकार घेऊन परिषद भरवली, आणि २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन इथं आले, ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, आणि तळं शुद्ध करायचे विधी झाले. महाडचेच सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, असे वरच्या जातींतले काही लोक बाबासाहेबांच्या बाजूनं उभे होते. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, तर मांडवाला जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. कोर्टाची मनाई होती म्हणून त्या वेळी तळ्यावर गेले नाहीत. खटला चालत राहिला आणि हायकोर्टाचा निकाल लागला तो १९३७ साली. एक ओंजळ पाणी आणि दहा वर्षं.

त्याच डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. स्वच्छ राहा, अंगावरची जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत सोडा, मुलींना शाळेत घाला. आजी म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांचे वडील त्या गर्दीत होते. ते घरी आले आणि सासऱ्यांच्या बहिणीला शाळेत घातलं. ती आमच्या घरातली पहिली सही करणारी बाई." बचत गटाच्या वहीवर जिथं आपण रोज सही करतो, तिथून ती सही किती लांब आहे, ते तुम्हीच बघा.

वर थांबलेल्या बायका केव्हा खाली आल्या, कळलं नाही. कोणी भाषण केलं नाही. येताना एसटी स्टँडवर चहा घेतला, तो सगळ्यांनी एकाच किटलीतला घेतला. घरी गेल्यावर काय, ते प्रत्येकीचं घर. पण येत्या वर्षी, २० मार्च २०२७ ला त्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. देशभरातून माणसं महाडला येतील. त्यांना पाणी द्यायला तिन्ही वाड्यांचे गट एकत्र उभे राहणार, असा ठराव वहीत लिहिलाय. तो कागदावर राहू नये, एवढंच.

बाकीच्या जागा भराभर सांगतो. काळ नदीवर वाळणकोंड आहे, डोहात हातभर मासे, देवीचे म्हणून कोणी धरत नाही. कुरमुरे टाकले की पाणी उकळल्यासारखं होतं. सव गावात सावित्रीच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत, सांधेदुखीच्या बायका तिथून उठायला तयार नव्हत्या. मात्र सावित्रीत मगरी आहेत, तेव्हा नदीत पाय सोडून बसण्याची हौस नको. शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला. ती जागा विस्मरणात गेली होती, धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली शोधली. घळीशेजारचा धबधबा श्रावणात बघावा. पोलादपूर गावातच कवींद्र परमानंदांची समाधी आहे, शिवभारत लिहिणाऱ्या कवींची. आमच्यातल्या पोलादपूरच्या दोघींना ती देवळाच्या बाजूची कुणाची तरी समाधी एवढंच माहीत होतं. आणि उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. मुलाचं लग्न बाजूला ठेवून गडी कोंढाण्यावर गेला आणि १६७० च्या फेब्रुवारीत पडला. तिथं एक वहिनी हळूच म्हणाल्या, "मांडव घातलेलं लग्नघर. त्या रायबाच्या आईनं ते कसं आवरलं असेल?" त्या वहिनींचे यजमान मुंबईला कामाला असताना गेले, घरी पुतणीची हळद होती. पुढं कोणी काही बोललं नाही.

आता पावसाळ्याचं. धबधबे, हिरवे डोंगर, ढग. शहरातल्या माणसांना आमच्याकडं यायचं असतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि आम्हाला भीती वाटते ती जुलै-ऑगस्टचीच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या, महाड शहर पाण्याखाली होतं. ज्या डोंगरासमोर पाहुणे फोटो काढतात, त्याच डोंगराकडं बघत आम्ही रात्री जागून काढतो. तेव्हा धंद्याचे दिवस तेच आणि धोक्याचेही तेच, काय करायचं?

यावर आमच्या दोन बैठका भांडणात गेल्या. ज्यांचं पोट त्यावर आहे त्या म्हणाल्या, आम्ही नाही वाढलं तर दुसरा वाढेल. हे खोटं नाही. शेवटी असं ठरलं: हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असला की जेवणाची ऑर्डर घ्यायची नाही आणि धबधब्याची वाट कोणाला दाखवायची नाही. गेल्या जुलैत मोटारसायकलवरून आठ मुलं आली, भिजलेली. ओढ्याला पाणी चढलेलं. आम्ही चहा दिला, भजी दिली आणि वाट सांगितली नाही. ती चिडली, उलट बोलली आणि परत गेली. त्या दिवशीचं जेवण बुडालं. बुडू दे.

धंद्याचं बोलायचं तर आम्ही आधी ठेच खाल्लीय, म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या मंडळींनी फोनवर ४२ जणांचं जेवण सांगितलं. कुळथाचं पिठलं, नाचणीची आणि तांदळाची भाकरी, ठेचा, सोलकढी. पहाटे तीनपासून चूल पेटलेली. दुपारी दोन वाजले, माणसं नाहीत. फोन बंद. शाळेतल्या पोरांना आणि वाडीला जेवू घातलं, गटाला तीन हजारांचा फटका. आता निम्मे पैसे आधी आल्याशिवाय पीठ मळत नाही. मोबाइलवर पैसे घ्यायला पोरींनी शिकवलंय.

घरगुती जेवण विकणारीनं अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी. छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये फी आहे. तो कागद चुलीजवळ लावला की पाहुण्याच्या बोलण्यातला फरक कळतो. घरात एखादी खोली रिकामी असेल आणि मुक्कामाची सोय करायची असेल, तर राज्य सरकारचं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण २०२३ पासून आहे. बाईच्या नावावरच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंत कर्ज असेल, तर ठरावीक मर्यादेपर्यंत त्याचं व्याज पर्यटन संचालनालय भरतं. अटी आहेत, त्या आधी समजून घ्या. आमच्यातल्या एकीनं विचार केला आणि सध्या नको म्हणाली, कारण कर्ज बँकेचं आहे आणि मुद्दल आपल्यालाच फेडायचंय. तिचा निर्णय आम्हाला शहाणपणाचा वाटला.

तारखा लक्षात ठेवा. चैत्र पौर्णिमा आणि ६ जूनला रायगडावर गर्दी, २० मार्च आणि २५ डिसेंबरला महाडला. या दिवसांसाठी पीठ, पाणी, पत्रावळी आधी हवं. प्लास्टिकच्या बाटल्या विकायच्या नाहीत असं ठरवलं होतं, ते आम्हाला जमलेलं नाही. हंडाभर गार पाणी आणि पेले ठेवले, पण लोकांना बाटलीच हवी असते. निदान आमच्याकडची रिकामी बाटली परत आणणाऱ्याला ताकात सूट देतो. काही आणतात.

आणि ती ताकवाली ताई. आता कोणी विचारलं की ती सांगते, "आधी पाचाडला विहीर बघून या. मग सावकाश चढा, दीड-दोन तास धरा. महादरवाज्यात बसा. हिरकणीच्या कड्यावर पोरांना सांभाळा. राणीवशात बायकांना दाखवायसारखं काय आहे, ते उतरताना या, मग सांगते." उतरताना माणसं येतात. दुसरा पेला ताक घेतात आणि ऐकत बसतात. मागच्या रविवारी तिचं ताक अकरालाच संपलं.

पुढची सहल फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, प्रतापगड. पोलादपूर स्टँडवर सकाळी सातला जमायचं, आंबेनळी घाटानं जाणार. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळा सुपारी जवळ ठेवावी. भाकऱ्या घरून, चटणी आमच्याकडून. सासूबाई आल्या तरी चालतील.